काळं पडलं तर उतरायचं नाही

अमरावतीला परत येऊन मला सहा वर्षं झाली. सकाळी मैदानावर फिरायला आमची चौघांची टोळी असते. एक निवृत्त नायब तहसीलदार, एक मोर्शीकडचे संत्र्याचे बागायतदार, एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि मी. मी कॅनडाच्या उत्तरेत बावीस हिवाळे गोठलेल्या तळ्यांवर विमान उतरवत होतो, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून तिघंही मला एकच प्रश्न विचारत आले आहेत, की बर्फ फुटत नाही काय? तहसीलदार तर दर उन्हाळ्यात नव्यानं विचारतात. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बर्फाच्या गोष्टीनं त्यांच्या जिवाला गार वाटत असावं. प्राध्यापकांचे साडू ह्या दिवाळी अंकाचे संपादक आहेत. प्राध्यापक म्हणाले, एकदाचं लिहूनच टाका, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको. म्हणून बसलो.

तर आधी उत्तर. बर्फ फुटत नाही. निदान लोकांना वाटतं तसा तो फुटत नाही. ऐन जानेवारीत तिकडच्या तळ्यांवर कमरेइतका जाड थर असतो, त्यावरून भरलेले ट्रक जातात. थंडी वाढली की तळं गरजतं, ह्या काठापासून त्या काठापर्यंत भेग सरसरत जाते आणि नवखा माणूस जीव मुठीत धरून पळत सुटतो. मीही पळालो होतो. पण तो आवाज चांगला. बर्फ घट्ट होतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

भीती असते ती वेगळ्याच गोष्टीची. तळ्याचं पाणी गोठून झालेला तो बर्फ आणि आभाळातून भुरभुर पडतं ते हिम, एवढा फरक लक्षात ठेवा. बर्फावर हिम साठत जातं. त्याचं ओझं झालं की बर्फाचा थर खाली दबतो आणि भेगांतून तळ्याचं पाणी वर येऊन हिमाखाली पसरतं. वर हिमाची गोधडी असल्यामुळं हे पाणी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. आकाशातून बघाल तर सगळं पांढरंशुभ्र आणि सपाट. उतरलात की विमान त्या लगद्यात रुतलं. आणि तो लगदा हवा लागताच सिमेंटसारखा घट्ट होतो. एकदा मी दोन दिवस कुऱ्हाडीनं माझं विमान खोदून काढलं आहे.

वऱ्हाडातल्या माणसाला हे समजवायला मला कष्ट पडत नाहीत. पावसानंतर चार दिवस ऊन पडतं, जमीन वरून वाळलेली दिसते, म्हणून कोणीतरी काळ्या वावरात ट्रॅक्टर घालतो आणि मग बांधावर बसून दुसऱ्या ट्रॅक्टरची वाट बघतो. तेच हे. फक्त तिकडं दुसरा ट्रॅक्टर दोनशे मैलांवर असतो.

म्हणून आमची एक पद्धत होती. हिवाळ्यात विमानाला चाकांऐवजी दोन लांब, रुंद, पुढून वर वळलेल्या स्की बसवतात. तळ्यावर आलं की एकदम उतरायचं नाही. स्की हिमावर नुसत्या टेकवायच्या, तसंच थोडं अंतर धावायचं आणि पुन्हा उडायचं. मग एक घिरटी घेऊन आपणच पाडलेली चाकोरी बघायची. ती पांढरी राहिली तर खाली कोरडं आहे. काळपट पडली तर पाणी वर आलं आहे. काळं पडलं तर उतरायचं नाही. जुन्या वैमानिकांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट आणि मी नव्या पोरांना शिकवलेली शेवटचीही हीच.

मी वैमानिक कसा झालो ही लांबलचक आणि जरा कंटाळवाणी कहाणी आहे, ती सोडून देतो. मूर्तिजापूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, वडील पॉइंट्समन होते, एवढं पुरे. कॅनडातल्या माझ्या कंपनीकडं एका इंजिनाची पाच-सहा विमानं होती आणि ज्या गावांना रस्ता नाही, धावपट्टी नाही, अशा गावांना आम्ही सगळं पोचवायचो. पिठाची पोती, डिझेल, टपाल, शिक्षक, चर्चची पेटी. एकदा अकरा कुत्रे नेले, त्यांची वाटेत भांडणं लागली आणि त्यातला एक शेवटपर्यंत माझ्या मांडीवर बसून आला. एक दातांचे डॉक्टर होते, ते उड्डाणापासून उतरेपर्यंत डोळे मिटून असत आणि दर पाच मिनिटांनी दार नीट लागलं आहे ना, असं विचारत. ज्यांच्यापुढं आख्खं गाव भीतीनं तोंड उघडायचं, ते माझ्या शेजारी असे बसलेले बघून मला बरं वाटायचं, हे कबूल करतो.

ह्या गावांपैकी एका गावात मला प्रणिता भेटली. गावाचं नाव सांगत नाही. तळ्याकाठी चाळीसेक घरं, एक शाळा, एक दुकान आणि एक दवाखाना. दवाखान्यात डॉक्टर नसायचा, सगळा कारभार नर्सच्या हाती. विमान यायच्या दिवशी वायरलेसवर हवेची आणि बर्फाची खबर देण्याचं कामही तिचंच होतं. प्रणिता तिथली नवी नर्स; ती इंग्रजीत खबर देता देता एकदा शिंकली आणि तिच्या तोंडून "अगं आई" निघालं. मी विचारलं, तुम्ही कुठल्या? ती म्हणाली, अकोला. त्यानंतर आमची खबर अर्धी इंग्रजीत आणि अर्धी वऱ्हाडीत चालायची. कंपनीच्या ऑफिसात ऐकणाऱ्यांना वाटायचं, ही काहीतरी खास तांत्रिक भाषा असणार.

प्रणिताला दिवस गेले, तेव्हा तिनं आईला बोलावून घेतलं. नवरा आठशे मैलांवर दुसऱ्या प्रांतात नोकरीला. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. इथं उलटं झालं, माहेरच विमानात बसून लेकीकडं आलं. आई म्हणजे वानखडे मावशी. तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या, तेव्हा वय बासष्ट. इंग्रजीचा गंध नाही. सोबत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि एक फडा आणला होता. हो, घर झाडायचा फडा. तो विमानतळावर कसा सुटला कोण जाणे.

डिसेंबरात त्यांच्या गावाची फेरी माझ्याकडं आली. मूर्तिजापूरचा माणूस विमान घेऊन येणार, हे मावशींना आदल्या दिवशी कळलं होतं. आता तळ्यावरची धावपट्टी म्हणजे काय, तर हिम दाबून केलेली वाट आणि दोन्ही बाजूंना खोचलेल्या झाडाच्या हिरव्या फांद्या. पांढऱ्यावर पांढरं असलं की जमीन किती खाली आहे ते डोळ्यांना कळत नाही, त्या फांद्यांवरून अंदाज घ्यायचा. हे काम गावातला आयझॅक नावाचा म्हातारा करायचा. त्या दिवशी फांद्या लावून तो जेवायला गेला आणि मावशी फडा घेऊन तळ्यावर उतरल्या.

पट्टीचं काठाकडचं टोक, जिथं विमान येऊन थांबतं, ते त्यांनी खळ्याएवढं झाडून काढलं. एक कण हिम ठेवलं नाही. मग घरातून चार बादल्या गरम पाणी आणून सडा घातला. वर तांदळाच्या पिठाची रांगोळी काढली. पाण्याचा सडा त्या थंडीत दोन मिनिटांत गोठला आणि तिथं आरसा तयार झाला.

स्कीला ब्रेक नसतो. हिमाशी घासूनच विमान थांबतं, आणि ते थांबायची जागा मी पंधरा वर्षांच्या सवयीनं धरलेली. तिथं घासायला काही नव्हतंच. विमान रांगोळीवरून सुळकन गेलं, पालथ्या घातलेल्या होड्यांच्या शेजारून गेलं आणि काठावरच्या हिमाच्या ढिगात नाक खुपसून थांबलं. उजव्या स्कीचं टोक वाकलं. आणखी दोन हात डावीकडं असतो तर नाकावरचा पंखा गेला असता.

मी खाली उतरलो आणि त्या बाईंना नाही नाही ते बोललो. सगळं वऱ्हाडीत. शब्द कोणाला कळत नव्हते, पण गाव गोळा झालं होतं आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. मावशी हातात फडा घेऊन उभ्या होत्या. माझं झाल्यावर हळूच म्हणाल्या, "घरी मानूस येते तं अंगन झाडतातच ना, भाऊ."

इतक्या वर्षांत त्या बर्फावर माझ्यासाठी कोणी सडा-रांगोळी केली नव्हती. आयझॅक मात्र पोट धरून हसत होता. त्यानं हातोडीनं स्कीचं टोक सरळ केलं आणि मावशींना खुणेनंच सांगितलं, की उद्यापासून माझ्याबरोबर या. संध्याकाळी मावशींनी मला भाकर आणि झुणका वाढला. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, तुमचं बरोबर होतं, मले मालूम नोतं. आणि वर आणखी भाकर वाढली.

आयझॅकनं त्यांना काय शिकवलं आणि कोणत्या भाषेत, देव जाणे. तो त्याच्या बोलीत बोलायचा, मावशी वऱ्हाडीत. पण पुढचे चार महिने विमानाच्या दिवशी ती जोडी तळ्यावर दिसायची. पुढं म्हातारा, मागं लुगड्यावर लाल जाडा कोट घातलेल्या मावशी, हातात त्यानं तोडून दिलेली काठी. काठीवर खाचा होत्या. हिमात काठी खुपसायची, टोक ओलं होतं का बघायचं, कितव्या खाचेपर्यंत गेली ते मोजायचं. मावशींना हे काम मनापासून आवडलं. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांची वजनं घेऊन वहीत लिहिली होती. त्या म्हणायच्या, काट्यावर दिसते तेच लिहा लागते भाऊ, आपल्याले काय वाटते ते नाई. मार्चपर्यंत त्यांची खबर प्रणिताच्या खबरीपेक्षा नेमकी असायची. ऑफिसात मी सांगून ठेवलं होतं, की ह्या बाईंचा शब्द चालेल.

प्रणिताला मेच्या मध्यावर बाळ होणार होतं. एप्रिलअखेर तिला आमची कंपनी होती त्या शहरात, मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं होतं, कारण मे महिन्यात बर्फ सुटायला लागतो आणि मग दोन-तीन आठवडे त्या गावात कोणतंच विमान उतरू शकत नाही. स्की चालत नाहीत, पाण्यावर तरंगणारं विमानही चालत नाही. आदल्या आठवड्यात हवा खराब होती. माझी फेरी दोनदा रद्द झाली. एवढं निमित्त झालं.

मग एके दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला दवाखान्यातून निरोप आला, की प्रणिताला रक्तस्राव सुरू झाला आहे. गावात तेव्हा फार कोणी नव्हतं. एप्रिलच्या शेवटी बदकं यायला लागतात आणि सगळी कुटुंबं शिकारीच्या छावण्यांवर निघून जातात. आयझॅकही गेला होता. दवाखान्यात मार्गारेट नावाची गावातलीच मदतनीस होती, ती प्रणिताजवळून हलू शकत नव्हती. बर्फ बघायला उरल्या मावशी.

एप्रिलमधली दुपार ही उतरायची सगळ्यात वाईट वेळ. सकाळी थंडीनं वरचा थर कडक असतो, दुपारपर्यंत उन्हानं मऊ होतो. एरवी मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो असतो. पण मार्गारेट म्हणाली, सकाळपर्यंत थांबता येणार नाही. मी निघालो.

पाऊण तासानं तळ्यावर पोचलो तेव्हा आभाळ खाली आलेलं, सगळीकडं एकच करडा रंग. पश्चिमेकडून हिमाचा पट्टा सरकत येत होता. स्की टेकवल्या, धावलो, पुन्हा उडालो. घिरटी घेऊन खाली पाहिलं तर काही कळेना. त्या उजेडात चाकोरी पांढरी आहे की काळी, मला दिसतच नव्हतं. मावशी हातात छोटा वायरलेस घेऊन तळ्यावर उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, माझ्या चाकोरीवर चालत जा, काठी घाला आणि बघा. पांढरं असलं तर मी उतरतो. काळं असलं तर मला उतरता येणार नाही. हे मी दोनदा सांगितलं, कारण त्यांना ते नीट कळलं पाहिजे होतं.

मी वर फिरत राहिलो. खाली लाल कोटाचा एक ठिपका चाकोरीवरून हळूहळू पुढं चालला होता. दवाखाना तिथून दोनशे पावलांवर. त्याच्या खिडकीच्या आत त्यांची एकुलती एक लेक पडलेली होती. विमान उतरलं तर ती दहा मिनिटांत त्यात असणार होती. ठिपका थांबला. वाकला. पुढं गेला, पुन्हा वाकला. मग बराच वेळ नुसता उभा राहिला.

मी विचारलं, "मावशी, काय दिसते?"

बटण दाबल्याचा आवाज आला आणि त्यांचा श्वास ऐकू आला. बटण सुटलं. पुन्हा दाबलं गेलं.

"काळं पडून राह्यलं, भाऊ."

"पूर्ण, का मधी मधी?"

"पूर्ण. काठी ओली निंगाली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुमी उतरू नका."

मी बावीस वर्षांत बर्फाच्या शेकडो खबरी ऐकल्या. लोक खोटं बोलतात. मुद्दाम नव्हे, पण त्यांना विमान हवं असतं. कोणाच्या मुलाचं लग्न असतं, कोणाचा सिनेमा चुकत असतो, आणि त्यांच्या खबरीत बर्फ दोन बोटं जास्त जाड होऊन जातो. आम्ही ते गृहीतच धरत असू. त्या बाईंना विमान जितकं हवं होतं तितकं मला भेटलेल्या कोणालाच कधी हवं नव्हतं. "पांढरं हाये" एवढे दोन शब्द म्हटले असते तर मी उतरलो असतो.

गावामागच्या टेकडीपलीकडं एक छोटं, खोल तळं होतं. उंच झाडांच्या सावलीत असल्यामुळं तिथला बर्फ उशिरापर्यंत टिकायचा आणि वारा हिम साठू द्यायचा नाही. ते आखूड होतं, मी तिथं दोनदाच उतरलो होतो. आणि दवाखान्यापासून तिथवर झाडीतली वाट, बर्फावरच्या मोटारसायकलला घसरगाडी जोडून यायचं म्हटलं तर तासाच्या वर. रक्त जात असलेल्या बाईला ती वाट नकोच होती. पण दुसरी जागा नव्हती. मी मार्गारेटला सांगितलं. तिनं लगेच तयारी केली.

छोट्या तळ्यावरची चाकोरी पांढरी राहिली. मी उतरलो, विमान फिरवून तोंड उघड्या बाजूला करून ठेवलं, इंजिन चालू ठेवलं आणि वाट बघत बसलो. एक तास दहा मिनिटं. ह्या नोकरीत वाट बघायची सवय असते, पण ती सत्तर मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात. शेवटी झाडांतून दिवा दिसला. मार्गारेट पुढं चालवत होती, मागं घसरगाडीत प्रणिता आडवी आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन मावशी बसलेल्या. धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही पाय बाहेर काढून बर्फावर टेकवत आणले होते. बूट फाटले होते.

विमानात मावशी पूर्ण वेळ लेकीचे तळपाय चोळत होत्या. अंधार पडायच्या आत आम्ही शहरात पोचलो.

प्रणिता वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

तिथल्या डॉक्टरांना मीच विचारलं, की तासभर आधी आलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित. डॉक्टर आणि वैमानिक दोघंही हा शब्द फार वापरतात.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी माझा एक सहकारी बदली नर्सला घेऊन त्या गावी गेला. रात्री थंडी पडली होती, वरचा थर पुन्हा कडक झाला होता, तो मोठ्या तळ्यावरच उतरला. माझी चाकोरी तिथं गोठून राहिली होती. त्यानं ती कुतूहलानं खोदून बघितली आणि परत आल्यावर कॉफी पिता पिता मला सांगितलं, की लगदा होता, पण वीतभरच. खाली दगडासारखा बर्फ. त्याच्या मते उतरून, न थांबता, तसंच फिरून, इंजिनाचा जोर लावून विमान बाहेर निघालं असतं. बहुतेक. मी त्याला म्हटलं, बहुतेक. तो म्हणाला, हो, बहुतेकच. फसलंही असतं.

ह्यावर मी पुष्कळ विचार केला. मला दिलेली खबर खरी होती आणि खऱ्या खबरीवर मी घेतलेला निर्णय नियमाप्रमाणं होता. चौकशी झाली असती तर कोणी माझ्याकडं बोट दाखवलं नसतं. पण मी काठी कितव्या खाचेपर्यंत गेली हे विचारलं नाही. पाणी आहे एवढं ऐकलं आणि पुढचा विचार सुरू केला. वीतभर म्हणाल्या असत्या, तर माझ्यासारख्या माणसानं त्या दिवशी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. हे मी मावशींना कधी बोललो नाही. त्या महिन्याभरानं भारतात परतल्या. प्रणितानं बदली घेतली. तिला नंतर मुलगा झाला, तो आता दहा वर्षांचा आहे.

गेल्या जानेवारीत प्रणिता सुट्टीवर अकोल्याला आली होती. तिनं फोन केला, काका, आई आठवण काढते, एकदा येऊन जा. मी गाडी काढली. मूर्तिजापूरला चहा घेतला, जुन्या क्वार्टरकडं एक चक्कर मारली, ती पाडली आहेत, आणि दुपारी अकोल्याला पोचलो. मावशी आता चौऱ्याहत्तरच्या. गुडघे दुखतात, पण नजर तीच. जेवायला भरीत आणि भाकर होती. माझ्या केसांवरून त्यांनी मला भरपूर चिडवलं आणि तिथल्या आयझॅकची चौकशी केली. तो गेला, हे मी सांगितलं.

जेवण झाल्यावर आम्ही पुढच्या खोलीत बसलो. प्रणिता स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मावशींनी आवाज खाली आणला.

"भाऊ, एक विचारू? मी त्या दिवशी पांढरं हाये म्हनलं असतं, तं तुमी उतरले असते ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग मी काहून खरं बोलली, असं मले रोज वाटते. बारा वर्सं झाले. पोरगी काई म्हनत नाई. कोनीच काई म्हनत नाई. मी आपलं खरं सांगतलं अन् माही नात गेली."

बारा वर्षं ह्या बाईनं हे एकटीनं वागवलं होतं. बर्फाबद्दल छातीठोक काही बोलायचं नसतं, हे मी दोन डझन पोरांना शिकवलं आहे. जे दिसलं ते सांगा, वाटलं ते सांगू नका, हे तर मला त्यांच्याकडून पुन्हा शिकायला मिळालं होतं.

मी त्यांच्याकडं बघून म्हटलं, "मावशी, उतरलो असतो तं विमान फसलं असतं. लगदा हातभर होता. नंतर दुसऱ्यानं खोदून पाह्यला ना. मी अडकलो असतो, दुसरं विमान सकाळीच आलं असतं, अन् तवर प्रणिता पन गेली असती. तुमच्या खऱ्यानं पोरगी वाचली तुमची."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. अंगणवाडीच्या काट्याकडं बघावं तसं. मला वाटलं, आता विचारणार, हातभर म्हंजे कितव्या खाचेपर्यंत? काठी त्यांनीच तर घातली होती.

भांड्यांचा आवाज थांबला होता. मी वर पाहिलं. प्रणिता दारात उभी होती. त्या तळ्यावर तिसऱ्या दिवशी कोण उतरलं, त्यानं खोदल्यावर काय निघालं, हे बदली नर्सनं तिला तेव्हाच कळवलं होतं. तिला सगळं माझ्याइतकंच माहीत आहे. तिनं ओले हात पदराला पुसले, आत येऊन आईच्या शेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"काका खरं सांगून राह्यले, आई," ती म्हणाली.